पिकअपची मागची बाजू उचलली की नेमकं काय बदलतं? ट्रेलिंग आर्म, पाटे आणि पासिंगची गोष्ट

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर सकाळी दहा मिनिटं उभे राहा आणि फक्त रिकाम्या पिकअपकडे बघा. बऱ्याच गाड्या मागून उंच दिसतील. नाक खाली, शेपूट वर, उतारावर थांबलेल्या बैलासारख्या. ही काही फॅशन नाही. या भागात स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे छोटे कारखाने आहेत. पत्रा आत येतो, भांडी बाहेर जातात आणि दोन्ही जड असतात. गाडी मागून बसू नये म्हणून मालक गॅरेजमध्ये जाऊन एक-दोन पाटे वाढवून घेतो आणि रिकामी गाडी मागून उचलली जाते.

याच्या अगदी उलट हौस असलेली मंडळीही आहेत. त्यांना जुना पिकअप जमिनीला टेकलेला हवा असतो. इंटरनेटवर अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या शेव्हरोले पिकअपचे व्हिडिओ बघायचे आणि 'आपल्या जुन्या गाडीला असं करता येईल का' असं मेकॅनिकला विचारायचं.

एकाला गाडी उचलायची आहे, दुसऱ्याला बसवायची आहे. पण गाडीच्या दृष्टीने दोघं एकाच गोष्टीला हात घालतायत. मागचा अॅक्सल चेसिसला कुठे आणि कसा धरलेला आहे, ती जागा हे दोघंही बदलतायत. ती बदलली की ब्रेकपासून विम्यापर्यंत काय काय हलतं, ते समजून घेऊ.

आधी हे ट्रेलिंग आर्म म्हणजे काय?

सस्पेन्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्प्रिंग येते. पण स्प्रिंगचं काम फक्त वजन पेलणं. चाक रस्त्याला ढकलतं तेव्हा अॅक्सल पुढे पळू पाहतो. ब्रेक मारला की मागे राहू पाहतो. वळणावर बाजूला सरकू पाहतो. शिवाय इंजिनाचा जोर आला की स्वतःभोवती फिरूही पाहतो. त्याला कुणीतरी जागेवर धरून ठेवायला हवं.

ट्रेलिंग आर्म हा धरून ठेवणारा हात. त्याचं पुढचं टोक चेसिसला बिजागरीसारखं जोडलेलं असतं, मागचं टोक अॅक्सलला. बिजागरी पुढे आणि चाक मागे. चाक हाताच्या मागे फरफटत येतं म्हणून ट्रेलिंग.

हे बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपण रोज ज्या रिक्षात बसतो तिच्या मागच्या दोन्ही चाकांना ट्रेलिंग आर्मच असतात. प्रत्येक चाकाचा आर्म वेगळा, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपल्या जागी राहतं. मालवाहू तीनचाकीतही तेच.

पिकअपची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला मागे पाटे असतात. पण पाटा नीट बघितला तर लक्षात येतं की तो एकटाच दोन कामं करतो. वजन तर पेलतोच, शिवाय त्याचा पुढचा अर्धा भाग ट्रेलिंग आर्मचंही काम करतो. पुढे बुशमध्ये अडकलेला, मधोमध यू-बोल्टने अॅक्सलला आवळलेला. मागचं टोक शॅकलवर झुलतं, कारण पाटा सपाट झाला की लांबीला वाढतो आणि त्याला सरकायला जागा लागते. म्हणजे पाट्यात केलेला बदल हा फक्त स्प्रिंगमधला बदल राहत नाही.

मग तो प्रसिद्ध शेव्हरोले पिकअप?

जनरल मोटर्सने १९६० मध्ये नवे शेव्हरोले पिकअप आणले. त्यातल्या साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या सी-१० मध्ये मागे पाट्यांऐवजी दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग दिल्या. पिकअप म्हणजे शेतमालाची गाडी, ती आदळणारच, असा समज असण्याच्या काळात ही गाडी कारसारखी चालते म्हणून नावाजली गेली. १९७२ च्या मॉडेलपर्यंत ही रचना टिकली. १९७३ मध्ये नवं मॉडेल आलं आणि कंपनी पुन्हा पाट्यांवर गेली. या आर्मची कल्पना मात्र शर्यतीत जाऊन पोहोचली. नॅसकारच्या मुख्य मालिकेतल्या गाड्यांना २०२२ मध्ये नवी रचना येईपर्यंत याच घराण्यातले आर्म होते, आणि त्यांना 'ट्रक आर्म' असंच म्हणायचे.

मुंबईचा याच्याशी थोडा चुकामुकीचा संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पण १९५४ मध्ये त्यांनी इथला गाशा गुंडाळला, म्हणजे ट्रेलिंग आर्मवाला पिकअप यायच्या सहा वर्षं आधीच. त्यामुळे आपल्याकडे 'क्लासिक पिकअप' म्हटलं की समोर येते ती महिंद्राच्या जीपच्या वंशातली गाडी, चारही कोपऱ्यांना पाटे असलेली. व्हिडिओतला जुगाड तिला जसाच्या तसा लागू होत नाही, याचं पहिलं कारण हेच.

(जाता जाता: 'टेम्पो' हा शब्दही एका कंपनीचा ब्रँड आहे. जर्मनीच्या विडाल अँड सोन कंपनीच्या टेम्पो गाड्या, त्यांच्या सहकार्याने १९५८ पासून बजाज टेम्पोने इथे बनवलेल्या हॅन्सीट तीनचाक्या, आणि मग माल वाहणारं काहीही आपल्यासाठी टेम्पोच झालं.)

ट्रेलिंग आर्मवाली गाडी खाली बसवली तर काय होतं?

सोपं वाटतं. छोटी स्प्रिंग टाकली की गाडी खाली आली. पण आर्मचं पुढचं टोक चेसिसला बांधलेलं आहे. चेसिस खाली आली म्हणजे तिच्या तुलनेत अॅक्सल वर गेला. आर्म बिजागरीभोवती फिरला. सी-१० सारख्या रचनेत अॅक्सल आर्मला घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे आर्म फिरला की अख्खं हाउसिंग त्याच्याबरोबर फिरतं.

समजा आर्म १२० सेंटिमीटर लांब आहे आणि गाडी १० सेंटिमीटर खाली घेतली. हाउसिंग जवळपास ५ अंश फिरलं आणि पिनियनचं नाक खाली झुकलं. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस तेव्हाच गुण्यागोविंदाने चालतात जेव्हा दोन्हीकडचे कोन सारखे असतात, कारण एका क्रॉसने फिरण्यात आणलेला चढउतार दुसरा क्रॉस खाऊन टाकतो. कोन बिघडले की तो चढउतार शिल्लक राहतो. साठच्या वेगाला गाडी थरथरायला लागते, क्रॉस वारंवार जातात आणि मालक टायर बॅलन्सिंग करत बसतो. उपाय असतो आर्म आणि अॅक्सलच्या मध्ये बरोबर कोनाची पाचर टाकण्याचा. पाचर अंदाजाने नाही, मोजून टाकायची.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. अॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो, एक टोक चेसिसला, दुसरं अॅक्सलला. तो सरळ रेषेत वर-खाली होत नाही, कंपासच्या टोकासारखा वर्तुळात फिरतो. रॉड ६० सेंटिमीटरचा असेल आणि अॅक्सल १० सेंटिमीटर वर गेला, तर अॅक्सल बाजूला साधारण ८ मिलिमीटर सरकतो. एका बाजूचं टायर बॉडीजवळ येतं, दुसऱ्या बाजूचं लांब जातं. रॉड १२० सेंटिमीटरचा असता तर हेच सरकणं ४ मिलिमीटरवर आलं असतं. म्हणून जाणकार लोक गाडी खाली घेताना आधी रॉड लांब करतात आणि त्याची लांबी पेचाने कमी-जास्त करता येईल अशी ठेवतात.

आणि तिसरी चूक, जी मला सगळ्यात धोकादायक वाटते कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. हे जुने आर्म पन्हाळीसारख्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बनवलेले असतात. बाजूने उघडे. बघणाऱ्याला कमकुवत वाटतात. मग वेल्डर दोन्ही बाजूंना पट्टी मारून त्याचा बंद डबा करतो आणि म्हणतो, आता शंभर वर्षं बघायला नको.

पण उघडा आकार मुद्दाम ठेवलेला असतो. एक चाक उंचवट्यावर चढलं की अॅक्सल तिरका होतो आणि आर्मला पीळ बसतो. उघडी पट्टी तो पीळ सहज सोसते. पुठ्ठ्याची पट्टी हातात घेऊन पिळा, मग पुठ्ठ्याची बंद नळी पिळा, फरक लगेच कळेल. आर्म डब्यासारखा बंद केला की पीळ घ्यायला तो तयार नसतो. मग ताण जातो पुढच्या बुशवर, ब्रॅकेटवर आणि चेसिसच्या आडव्या पट्टीवर. तडा तिथे जातो, आणि तो खाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

आणि आपला पाटेवाला पिकअप?

इथे गणित आणखी सरळ आहे. सारख्या मापाचे पाच पाटे असतील आणि सहावा टाकला, तर ताठपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. पण जाड पाटा टाकला तर हिशोब बदलतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. पाटा फक्त १० टक्के जाड घेतला तरी तो जवळपास ३३ टक्के ताठ होतो. 'थोडा जाड टाक' हे वाक्य गॅरेजमध्ये सहज बोललं जातं, पण ते थोडं नसतं.

भरलेली गाडी कमी बसते, मालक खूश. रिकामी गाडी मात्र आता चेंडूसारखी उडते. फाउंटन हॉटेलकडून घोडबंदर रोडने ठाण्याकडे जाताना गायमुखच्या घाटात खड्डे लागतात तेव्हा रिकाम्या पिकअपचं मागचं चाक क्षणभर रस्ता सोडतं. जे चाक रस्त्याला टेकलेलं नाही त्याला ब्रेक लागून उपयोग शून्य.

ब्रेकचा यापेक्षा मोठा घोळ वेगळाच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसतो आणि एका सळईने किंवा स्प्रिंगने अॅक्सलला जोडलेला असतो. त्याला वजन कळत नाही. त्याला कळतं फक्त चेसिस आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर. माल भरला, चेसिस खाली आली, अंतर कमी झालं, की व्हॉल्व्ह समजतो गाडी भरलेली आहे आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की अंतर जास्त, मग ब्रेक कमी, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल.

आता पाटे वाढवले. माल भरलाय, पण गाडी बसलीच नाही. व्हॉल्व्ह म्हणतो गाडी रिकामी आहे. पूर्ण भरलेल्या गाडीला मागून रिकाम्या गाडीइतकेच ब्रेक मिळतात. सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, पुढचे लायनर लवकर झिजतात, उतारावर तापतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. ज्या दिवशी जास्त ब्रेक हवा त्याच दिवशी कमी मिळतो.

खाली बसवलेल्या गाडीत याच्या उलट. रिकामी असूनही व्हॉल्व्हला ती भरलेली वाटते, आणि पहिल्या पावसात ब्रेक मारला की मागची बाजू पुढे यायला बघते.

पाटे बदलल्यावर व्हॉल्व्हची सळई कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घेता येते. पण ते माप मूळ पाट्यांसाठी दिलेलं असतं. बाहेरून टाकलेल्या सहाव्या पाट्यासाठी कुठल्याच पुस्तकात माप नाही.

तीनचाकीचं काय?

मालवाहू तीनचाकीत स्प्रिंगखाली जाड वॉशर किंवा रबराचा तुकडा टाकून मागची बाजू उचलायची पद्धत आहे. तिथे धोका थेट उलटण्याचा. चारचाकी वळणावर दोन चाकांच्या रेषेवर कलते. तीनचाकी कलते ती पुढच्या एकट्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या तिरक्या रेषेवर, आणि ती रेषा गाडीच्या मध्याच्या बरीच जवळ असते. त्यात वजन चार-पाच सेंटिमीटर वर नेलं आणि वर भांड्यांचे उंच गठ्ठे रचले, तर वळण घेताना ब्रेक मारायला जागा उरत नाही.

शिवाय ट्रेलिंग आर्मवर स्प्रिंग कुठे बसते यालाही मोठं महत्त्व असतं. स्प्रिंग आर्मच्या बरोबर मध्यावर असेल तर चाकाला तिच्या ताकदीचा चौथा हिस्साच मिळतो. म्हणून एखादा मेकॅनिक 'स्प्रिंगची बैठक जरा मागे सरकवू' म्हणाला तर ती छोटी दुरुस्ती नसते. काही सेंटिमीटरच्या फरकाने सगळा हिशोब बदलतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातली माहिती आणि उत्पादकाने मुळात ठरवलेलं रूप यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल, अशी त्याची व्याख्या आहे. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला हीच भूमिका ठामपणे मांडली आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला ठेवला.

त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

चेसिसला खाच मारणं, आर्मची जागा बदलणं हे सरळ या व्याख्येत येतं. एक जादा पाटा येतो का, यावर वाद घालता येईल. पण वाद जिंकलात तरी हाती काय लागतं? नोंदणी पुस्तकात लिहिलेलं एकूण वजन तेवढंच राहतं. पाटा वाढवल्याने गाडी जास्त माल उचलते, पण तिला तो उचलायचा अधिकार मिळत नाही. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. एक टन जास्त सापडला तर २२,००० रुपये. किती भाडी मारली की तेवढे सुटतात, हे ज्याचं त्याने मोजावं.

त्या कलमात एक गोष्ट आहे जी चालकांना सहसा कुणी सांगत नाही. दंड फक्त गाडी चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर पकडला जातो तो स्टिअरिंगवर बसलेला माणूस. ज्याने 'एवढं घेऊन जा, नाहीतर दुसरा टेम्पो बघतो' असं सांगितलं तो गोदामातच असतो. पाटे वाढवण्याचं मूळ गॅरेजमध्ये नाही, या वाक्यात आहे, असं माझं मत आहे.

विम्याचंही सांगायला हवं. कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला तर तो क्लेम अडकण्याचं कारण होऊ शकतो. मालवाहू गाडी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. बरेच जण तेवढ्यापुरता पाटा काढतात आणि परत बसवतात. पासिंगचा कागद मिळतो, पण अपघात पासिंगच्या मैदानात होत नाही.

जुन्या गाडीच्या हौशी लोकांसाठी आणखी एक अट. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हीए' अक्षरांच्या नंबर प्लेटवर नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे आजोबांची जीप व्हिडिओ बघून कापलीत तर तिचा हा दरवाजाही बंद होतो.

मग मागून बसलेली गाडी तशीच चालवायची?

नाही. पण आधी ती का बसली ते शोधा. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंना अॅक्सलपासून चेसिसपर्यंतचं अंतर मोजा. एकच बाजू खाली असेल तर बहुतेक वेळा तुटलेला पाटा किंवा गेलेलं बुश सापडतं. पाटे वाढवायची गरजच नसते.

मीरा-भाईंदरमध्ये हे जास्त बघावं लागतं कारण इथली हवा खारी आहे. खाडी जवळ, मिठागरं जवळ. उत्तनहून मासळी आणणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या पाट्यांवर आणि बुशवर गळत असतं. दोन पाट्यांच्या मध्ये ते साचतं, गंज बारीक खड्डे पाडतो आणि पाटा नेमका तिथून तुटतो. अशा गाडीला रोज संध्याकाळी खालून गोड्या पाण्याचा फवारा मारला तरी पाट्यांचं आयुष्य वाढतं.

कमान गेलेला पाटा पुन्हा वळवून घेता येतो, पण त्याचं उष्णतेचं काम नीट झालं नाही तर तो काही महिन्यांत परत सपाट होतो. पैसे असतील तर कंपनीच्या मापाचा नवा संचच बरा. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मात्र कधीच नको. ते स्प्रिंगचं पोलाद आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच जागी ठिसूळ होतं आणि पुढच्या खड्ड्यात तुटतं.

नवे पाटे बसवताना यू-बोल्टही नवे घ्या, जुने ताणले गेलेले असतात. ब्रेकच्या व्हॉल्व्हची सळई मापात लावून घ्या. आणि पहिली दोन-तीन भाडी झाली की गाडी पुन्हा गॅरेजमध्ये नेऊन यू-बोल्ट परत आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसले की ते थोडे सैल पडतात, आणि सैल यू-बोल्टमुळे मधला सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो.